चुकणार, चुकणार म्हणताना

आमच्या घराला लागूनच पिठाची गिरणी आहे. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे गिरणी सुरुवातीपासून माझ्याच हातात. गिरणीवाल्या बाईला बराच वेळ नुसतं उभं राहावं लागतं. वर ज्वारी ओतली की पीठ पडेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. त्या वेळात मी दळणाच्या डब्यांवर बोटं वाजवत राहायची. कुणाचा पत्र्याचा, कुणाचा जर्मनचा, कुणाचा प्लास्टिकचा. प्रत्येकाचा आवाज निराळा. गिरणीच्या घरघरीत हे कुणाला ऐकू जात नसेल अशी माझी समजूत होती.

ती समजूत अक्कांनी मोडली. अक्का म्हणजे आमच्या गावच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. धनगराच्या घरातल्या, साठी ओलांडलेल्या. आवाज असा, की त्यांनी बांधावरून हाळी दिली तर शेजारच्या शिवारातली मेंढरं मान वर करून बघतात. दिवाळी नुकतीच झाली होती. दळण घ्यायला आल्या आणि डबा उचलायच्या ऐवजी त्याच्यावरच हात टेकून उभ्या राहिल्या.

"तात्यांचा खांदा धरलाय," त्या म्हणाल्या. "हात वर जात न्हाई. मंडळाला आता पखवाज कोण वाजविणार?"

तात्या माझे चुलत सासरे. महिला मंडळाला इतकी वर्षं तेच साथ करायचे.

"गावातला एखादा गडी बघा की," मी म्हणाले.

"गडी कावून? तू रोज इथं काय करतीस? आमच्या डब्याला पोचे पाडलेस वाजवून वाजवून."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "शिवरातीला परळीत भजनाची स्पर्धा हाय. नाव दिलंय आपण. शिक."

मी हो म्हणाले. का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. आनंद झाला होता, एवढं खरं. डबा घेऊन अक्का वळणावर दिसेनाशा झाल्या आणि मग डोक्यातला तो आवाज आला: तुझ्यानं होणार नाही. सगळ्या गावासमोर चुकशील.

हा आवाज मला नवा नव्हता. माझं माहेर उमापूरकडचं. तिथं शाळेत असल्यापासून हे असंच. मन लावून काही करायला बसले की नको तो विचार बरोबर त्याच वेळी यायचा. बारावीच्या परीक्षेत एक ओळ लिहिली की वाटायचं, बैठक क्रमांक चुकीचा टाकलाय. मागं जाऊन बघायची. बरोबर असायचा. पुढची ओळ लिहिली की पुन्हा तेच. मैत्रिणी पुरवण्या मागत होत्या आणि मी पहिल्या पानावरचा क्रमांक तपासत होते. पास झाले, पण काठावर. वडील रागावले नाहीत. "पोरीच्या डोक्यात लई गर्दी हाय," एवढंच म्हणाले आणि पेढे आणायला गेले.

लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन अंबाजोगाईला नर्सिंग शिकायला गेली, तरी गर्दी कमी झाली नाही. भाकरी थापताना वाटायचं, मुलीची एसटी उलटली असेल. पोथी ऐकताना वाटायचं, आपण उठून काहीतरी भलतंच ओरडणार. गिरणी चालू असताना वाटायचं, पट्ट्यात पदर जाईल. हा एक विचार तरी कामाचा होता, त्यानं पदर खोचायची सवय लागली. बाकीच्यांचा काही उपयोग नव्हता. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा नवऱ्याजवळ विषय काढला, तर तो म्हणाला, "मनावर घेऊ नको." म्हणणं सोपं होतं, आणि बिचाऱ्यानं मायेनं म्हटलं होतं.

तात्यांच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. सकाळी गिरणी उघडायच्या आधी मी जायची. तात्या गळ्यात उपरणं बांधून त्यात दुखरा हात अडकवून बसायचे आणि तोंडानं बोल म्हणायचे. मी डोक्यावरचा पदर सावरून पखवाजापुढं बसायची. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानं आवाज घुमतो. ती कणीक भिजवायचं काम मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.

"सूनबाई, हात लई चांगला हाय तुमचा," तात्या म्हणायचे. सुनेला ते अहोजाहो करायचे, आजही करतात. "पण मधीच थांबता कशापाई?"

काय सांगणार? ठेका धरला की थोडा वेळ हात आपोआप चालायचा. छान वाटायचं. आणि छान वाटतंय हे लक्षात येताच आवाज यायचा: आता चुकणार. मी त्याला घालवायला जायची. मनात नाव घ्यायची, जीभ चावायची, मात्रा मोठ्यानं मोजायची. तो विचार पाय रोवून उभा राहायचा आणि मी त्याच्याशी भांडत असेपर्यंत हात खरंच चुकायचा. मग तोच म्हणायचा, बघ, सांगितलं नव्हतं?

"थकवा असंल," तात्या म्हणायचे आणि काकूंना, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंना, चहा ठेवायला सांगायचे.

मंडळाबरोबर सराव सुरू झाल्यावर तर फजितीच. दुपारी मारुतीच्या देवळात आम्ही बसायचो. पेटीवर माझी धाकटी जाऊ, टाळांवर बाकीच्या बायका, आणि गायला अक्का. अभंग रंगात आला की माझा पखवाज मध्येच गप्प व्हायचा. टाळ थोडा वेळ तसेच पुढं जायचे, मग एकेक करून थांबायचे. जाऊ माझ्याकडं न बघता पेटीचा भाता हलवत राहायची. ते न बघणं मला फार लागायचं.

संक्रांत होऊन गेली. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा अक्कांनी सगळ्या मंडळाला आपल्या रानात बोलावलं. "सराव तिथंच करू," म्हणाल्या. "पोट भरलं की गळा मोकळा व्हतो."

पखवाज, पेटी, टाळ, सगळं घेऊन आम्ही ट्रॉलीत बसून गेलो. अक्कांच्या मुलानं बोरीखाली आगटी पेटवून ठेवली होती. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. दही होतं, गूळ होता, तिळाची चटणी होती. पलीकडं मेंढरं बसली होती. बायकांचे हात काळे झाले होते, तोंडं काळी झाली होती, आणि कुणाला घरी जायची घाई नव्हती. असा दिवस वर्षातून एकदाच येतो.

खाणं झाल्यावर भजन सुरू झालं. मी हात धुऊन कणीक थापली. पहिला अभंग चांगला गेला. दुसऱ्यात अक्कांचा आवाज वर चढला, माझा हात सुटा झाला, मेंढरांनीसुद्धा माना वळवल्या, आणि तेवढ्यात: आता चुकणार. मी थांबले.

या वेळी अक्काही थांबल्या. "कावून थांबलीस गं?"

"काही नाही, अक्का."

"काही न्हाई कसं? रोज थांबतीस. हात दुखतोय का?"

पोट भरलेलं होतं म्हणून की काय, कोण जाणे, माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. "मला वाटतं, आता चुकणार."

"मग चुकलीस का?"

"नाही."

"मग?"

मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात टाळकऱ्यांतल्या सगळ्यात वयस्कर काकू, त्याच माझ्या चुलत सासूबाई, हळूच म्हणाल्या, "मला तर दर भजनाला वाटतं, कवळी पडंल."

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"खरंच सांगते. वरचा सूर लागला की वाटतं, आता ही सुटणार आणि समोर महाराज बसल्यात त्येंच्या पुढ्यात जाऊन पडणार. सगळा अभंग मी दात दाबून म्हणते."

आधी जाऊ हसली. मग सगळ्याच. हसता हसता जाऊ म्हणाली, "ताई, मला काय वाटतं माहितीय? पेटी वाजवताना दर वेळी वाटतं, गॅस चालूच राहिला. एकदा मी तुमच्या पुतण्याला भजनातून उठवून घरी पिटाळलं होतं. गॅस बंद होता."

"मला वाटतं, माझा आवाज चिरकला आणि सगळ्याजणी आतून हसाय लागल्यात," तिसरी म्हणाली.

"मला वाटतं, मालक मागून येऊन म्हणतील, चल घरी."

"अगं, मला तर नुसतं कीर्तनात बसलं तरी वाटतं, आपण आता शिट्टी मारणार."

या शेवटच्या बाई गावात अगदी सोज्वळ म्हणून ओळखल्या जायच्या. त्या शिट्टी मारतील हे डोळ्यांपुढं आलं आणि आम्ही हसून आडव्या झालो. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अक्कांचा मुलगा धावत आला, काय झालं म्हणून. "काही न्हाई, जा मेंढरांकडं," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या.

मी हसत होते आणि त्याच वेळी थक्क झाले होते. एवढी वर्षं मला वाटत होतं की इतरांची डोकी आतून झाडून लोटून स्वच्छ असतात, कचरा फक्त माझ्या डोक्यात आहे. ज्या बाईनं जितकी शांत मान हलवत टाळ धरला होता, तिच्या डोक्यात तितकीच गर्दी निघाली.

"आणि अक्का, तुम्हाला?" मी विचारलं.

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "मला? मला वाटतं पुढची ओळच आठवायची न्हाई. दर वेळी वाटतं. लहान होते तवापासून."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करायचं? म्हणत जाते. ओळ येती." त्यांनी काडीनं विस्तव सारखा केला. "त्येला हाकलाय गेलं की ओळ जाती. म्हणून मी हाकलीत न्हाई. असू दे म्हणते, तू बी हाय, मी बी हाय. तू हात तेवढा थांबवू नको बाई. चुकलं तर चुकलं, आमी हाव की."

मग त्यांनी परत तोच अभंग उचलला. मी पखवाज जवळ ओढला. आवाज आला. आता चुकणार. मी हात चालू ठेवला. एका जागी खरंच चुकले. बोल तुटला, एक थाप रिकामी गेली. कुणीही थांबलं नाही. पुढच्या समेवर माझी थाप आणि त्यांचे टाळ एकत्र पडले. चुकल्यानंतरही सम येते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ते हातानंच कळायचं होतं.

त्यानंतर विचार यायचे बंद झाले असं नाही. पण देवळातल्या सरावात आता एक नवीन खेळ सुरू झाला. अभंग संपला की बायका एकमेकींना विचारायच्या, "आज काय आलतं?" कुणी म्हणायची दूध उतू गेलं, कुणी म्हणायची पाल पडली. काकूंचं कायम कवळी. मी माझं सांगायची. सांगून टाकलं की ते अगदीच किरकोळ वाटायचं. आणि मजा म्हणजे, दुसऱ्या दिवशी वाजवताना तोच विचार आला की मला हसू फुटायचं, कारण अभंग संपल्यावर हा सांगायचा आहे हे आठवायचं. तात्या एकदा देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होते. उठताना म्हणाले, "थकवा गेला म्हणायचा."

शिवरात्रीच्या दिवशी आम्ही भाड्याच्या जीपनं परळीला निघालो. सगळ्याजणी हिरव्या इरकलीत, तात्या पुढं ड्रायव्हरशेजारी, पखवाज माझ्या मांडीवर. सिरसाळ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत गेलो. परळी जवळ आली तशी लांबून वीजकेंद्राची धुराडी दिसायला लागली आणि रस्त्याकडेची झाडं राखेनं करडी. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. बेलाची पानं, नारळ, पेढ्यांची दुकानं, दर्शनाची रांग कुठल्या कुठं गेलेली. वैजनाथाला बाहेरूनच हात जोडून आम्ही स्पर्धेच्या मांडवात गेलो.

आमच्या आधीचं मंडळ मोठ्या गावातलं होतं. एकसारख्या पैठण्या, एकसारखे गजरे, आणि त्यांची पखवाजवाली विशीतली मुलगी, जिची बोटं दिसतच नव्हती. जाऊनं माझं मनगट धरलं. "ताई, आपल्याला कणीकच जास्त थापायला येते," ती कुजबुजली आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

आमचं नाव पुकारलं. मी बसले, पखवाज लावला, आणि सगळे विचार एकदम आले. चुकणार. हात गळणार. मुलीची बस. पखवाजाचं कातडं फाटणार. त्यातला एकही मी हाकलला नाही, कारण वेळच नव्हता, अक्कांनी सूर लावला होता. मी पहिली थाप मारली. मांडवाच्या पत्र्याखाली ती अशी घुमली की पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मान डोलावली. पुढं मला त्या आजीच दिसत होत्या. विचार येत होते, जात होते. अभंग चालला होता.

आणि दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर ते झालं. बाजूला लावलेल्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानं माझी कणीक वाळली होती. एक थाप बसली आणि अख्खा गोळा सुटून उडाला तो थेट जावेच्या पेटीवर.

डाव्या तोंडाचा आवाज एकदम टीनच्या डब्यासारखा झाला. गंमत अशी, की इतकी वर्षं मी नाना संकटांची भीती बाळगली, पण कणीक उडेल हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. आणि खरोखरचं संकट आलं तेव्हा डोक्यात एकही विचार नव्हता. शांत. मी उजव्या हातानं ठेका धरून ठेवला आणि डावा उचलून अक्कांकडं बघितलं. अक्कांनी बघितलं. त्यांनी पुढची ओळ घेतलीच नाही. त्याच शब्दावर त्या फिरायला लागल्या, वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या, जणू हे असंच ठरलेलं होतं. टाळ त्यांच्यामागं. जावेनं एका हातानं पेटी चालू ठेवत दुसऱ्या हातानं गोळा उचलला, काकूंनी टाळ काखेत मारून त्याच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, आणि जावेनं वाकून तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर फाटकन थापला.

मी बोटांनी तो पसरला आणि अक्का समेवर येत होत्या त्याच क्षणी डावी थाप मारली. धुम!

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहून हसत होते, टाळ्या वाजवत होते. पुढच्या आजीबाईंनी तर दोन्ही हात वर केले. मग आम्हाला कुणी आवरू शकलं नाही. शेवटच्या गजराला लय अशी वाढली की टाळवाल्या बायका उठून पावली खेळायला लागल्या. शिट्टीची भीती वाटणाऱ्या बाईंनी काकूंबरोबर फुगडी घातली. माझे हात माझे राहिले नव्हते. घाम डोळ्यांत जात होता आणि मी मोठ्यानं हसत वाजवत होते.

आमचा तिसरा नंबर आला. पैठणीवाल्यांचा पहिला, तो त्यांचाच होता. परीक्षकांनी माईकवर सांगितलं, "तिसऱ्या मंडळाच्या पखवाजवादक भगिनींनी डावा हात गेल्यावरही ठेका सोडला नाही." अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "डावा हात कुठं गेलता? कणीक गेलती." बक्षीस म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते आता मारुतीच्या देवळात आहे आणि रोज थोडं मागं पडतं.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या खोलीतल्या मैत्रिणी जमल्या आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

उन्हाळ्यात तात्यांचा खांदा मोकळा झाला. मी पखवाज स्वच्छ पुसून, दोऱ्या ताणून त्यांच्याकडं घेऊन गेले. तो त्यांचाच होता. तात्यांनी तो हातात घेतला, दोन्ही तोंडांवर बोटं फिरवली आणि काकूंना हाक मारली. काकू आतून दुसरा पखवाज घेऊन आल्या, जुना, तात्यांच्या वडिलांच्या काळातला, नवीन कातडं चढवलेला.

"हा माझा," जुना पखवाज पुढ्यात ओढत तात्या म्हणाले. "तो तुमचा. बसा आता. खांदा किती फिरतोय ते बघू."

मी पदर खोचून बसले. तात्यांनी एक तुकडा वाजवला, मी तो परत वाजवला. त्यांनी थोडा अवघड वाजवला, तोही मी वाजवला, मध्ये एक थाप चुकून. काकू दारात उभ्या राहून टाळ धरायला लागल्या. गिरणीवर दळणवाल्या बायका वाट बघत असणार हे मला माहीत होतं. त्यातली एक शोधत तिथंच आली, पीठ मागायला तोंड उघडलं, आणि मग पदर सावरून आमच्याशेजारी पायरीवर बसली.